खळं पडनं का?

चंद्राभोवती कधीकधी फिकट कडं दिसतं, त्याला आपण खळं म्हणतो. धान्य मळायची जागा, तीही खळंच. पाटील सरांनी या शब्दाला तिसरा अर्थ दिला होता आणि तो त्यांच्या मायक्रोबायोलॉजीच्या लॅबबाहेर फारसा कुणाला माहीत नव्हता. काचेच्या प्लेटमध्ये जंतू पसरायचे, त्यावर औषध लावलेली कागदाची बारकी चकती ठेवायची आणि प्लेट रात्रभर उबेत राहू द्यायची. औषध चाललं तर सकाळी चकतीभोवती जंतू नसलेला स्वच्छ गोल दिसतो. पुस्तकात त्या गोलाला लांबलचक इंग्रजी नाव आहे. सर ते परीक्षेपुरतं शिकवायचे. एरवी रोज साडेदहाला इन्क्युबेटरचं दार उघडण्याआधी ते स्वतःलाच घरच्या बोलीत विचारायचे, "खळं पडनं का?"

बहुतेक वेळा पडलेलं नसायचं. मग सर प्लेट खिडकीच्या उजेडात धरून उगाच दोन-तीनदा फिरवायचे, "थकनू बुवा" म्हणत स्टुलावर बसायचे आणि दुसरी प्लेट हातात घ्यायचे. सर निवृत्त होईपर्यंत मी शेजारच्या बॉटनीच्या खोलीत अठरा वर्षं काढली. मधल्या दाराची कडी कधीच लागत नसे, त्यामुळे हे "थकनू बुवा" रोज कानावर पडायचं. थकलेला माणूस काम थांबवतो अशी माझी समजूत होती. सर थकले की नवीन काम काढायचे.

सुकलाल पाटील हे त्यांचं नाव. गाव धानोरा. शेती थोरले भाऊ बघायचे आणि हे नंदुरबारच्या आमच्या कॉलेजात पोरांना जंतू दाखवायचे. अंगाने सडसडीत, गळ्यात तुळशीची माळ, खिशात सहा इंची प्लास्टिकची पट्टी. त्या पट्टीवरचे पहिले दोन सेंटिमीटर झिजून कोरे झाले होते, कारण सरांना आयुष्यात मोजायला जे मिळालं ते सगळं तेवढ्यात मावणारं होतं. हात धुवायचे ते कोपरापर्यंत. आमच्या स्टाफरूममध्ये त्यांच्या कपाला झाकण होतं, आणि ते झाकण कुणी उचललं तर त्यांना न बघता कळायचं.

त्यांचा एक प्रश्न सगळ्या कॉलेजात बदनाम होता. कुणी तापाने आजारी होतं असं कळलं की लोक विचारतात, आता बरं आहे का? सर विचारायचे, "कितला दिन लिध्या?" म्हणजे गोळ्या किती दिवस घेतल्या. आपल्याकडे मेडिकलवाल्याला "दोन गोळ्या द्या तापाच्या" म्हणायची पद्धत आहे. अंगातली कणकण गेली की उरलेल्या गोळ्या देवघराच्या कोनाड्यात जातात आणि पुढच्या वेळी घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी पोटात. सरांना हे ऐकलं की खरोखर दुखायचं. अर्धवट मार खाल्लेले जंतू शहाणे होतात, असं ते सांगायचे.

एकदा त्यांच्या नात्यातल्या लग्नात मी गेले होते. पंगतीत शेजारच्या पाव्हण्याने मोठ्या फुशारकीने सांगितलं की डॉक्टरने सात दिवसांच्या दिल्या, आपण तिसऱ्या दिवशीच खडखडीत. सरांनी हातातला घास ताटात ठेवला. पुढची पंधरा मिनिटं त्या माणसाला जंतूंच्या तीन पिढ्यांचा इतिहास ऐकावा लागला. वाढपी भाजी घेऊन आला तसा परत गेला. शेवटी पाव्हणा म्हणाला, मास्तर, आता खाऊन टाकतो उरलेल्या. यावर सर आणखी घायाळ झाले. घरी जाताना वाटेत ते म्हणाले, "ताई, मी सगळ्या लग्नात असंच करतो. म्हणून आता पत्रिका कमी येतात."

मग टाळेबंदीची ती दोन वर्षं आली. लोकांनी शेंगदाणे खावेत तशा गोळ्या खाल्ल्या. कॉलेज पुन्हा सुरू झालं तेव्हा सरांनी एका दवाखान्यातून जखमांचे जंतू वाढवायला आणले आणि प्लेटी लावल्या. दुसऱ्या दिवशी मी मधल्या दारातून डोकावले तर सर स्टुलावर बसलेले आणि समोर एकाशेजारी एक आठ प्लेटी. एकीतही खळं नव्हतं. त्या दिवशी ते "थकनू बुवा"सुद्धा म्हणाले नाहीत.

जेमाबाईचा विषय निघाला तो आमच्या शिपायामुळे. रमण गावित नवापूरकडच्या डोंगरातला. कोयता लागून त्याची नडगी फाटली होती आणि जखम तीन महिने भरत नव्हती. सरांनी स्वतः तिचा स्वॅब घेऊन तपासला होता. रमण जी गोळी खात होता तिला ते जंतू अजिबात दाद देत नव्हते. मग रमण रजेवर गावी गेला आणि महिन्याने आला तो जखम भरूनच. गावातल्या जेमाबाई नावाच्या म्हातारीने झाडाची साल दिली, असं म्हणाला. सरांनी विचारलं, गोळी बंद केली होतीस का? रमण म्हणाला, नाही, ती बाई गोळी सोडूच देत नाही. गोळी खात असशील तरच साल देईन म्हणते. नुसती साल ती कुणालाच देत नाही.

हे ऐकून सरांनी खडू उचलला. मला फळ्यावर विहीर काढून दाखवली. काही जंतूंच्या अंगात बारीक मोटरी असतात, औषध आत आलं की विहिरीतलं पाणी उपसावं तसं ते बाहेर फेकतात. म्हणून गोळी चालत नाही. आता समजा, मोटरीच्या पाइपाच्या तळच्या झडपेत, फूटवॉलमध्ये, कचरा अडकला. मोटर घुरघुरते, पाणी उपसत नाही. ही साल तो कचरा असेल. जंतूला ती मारत नसेल, फक्त मोटर बंद पाडत असेल आणि मारायचं काम जुनी गोळीच करत असेल. "असेल," असं ते दोनदा म्हणाले. एका माणसाच्या नडगीवरून काही सिद्ध होत नाही, हेही त्यांनीच सांगितलं, आणि पुढच्या रविवारी मला घेऊन विसरवाडीची बस पकडली. झाड ओळखायला बॉटनीवाली हवी होती, एवढंच माझं त्यातलं काम.

झाड मी ओळखलं. त्याचं नाव इथे लिहिणार नाही. सरांनी तसं वचन घेतलं आहे, कारण नाव छापून आलं की महिन्याभरात डोंगरातली झाडं सोलून उघडी होतील.

जेमाबाईचं घर पाड्याच्या टोकाला होतं. दारावर क्रूस, ओटा शेणाने सारवलेला. तिचा मुलगा योहान स्वच्छ पांढरा शर्ट घालून आमची वाटच बघत होता. रविवारची प्रार्थना तोच घ्यायचा. स्वतःची दारू त्याने कधीच सोडली होती, आणि नुसती स्वतःची नाही, अर्ध्या पाड्याची सोडवली होती. त्याने आम्हाला खाटेवर बसवलं, चहा दिला आणि आईशेजारी बसला. म्हातारी घरात मावची बोलायची, पण आमच्याशी तोडक्या मराठीत बोलली. सरांनी वही काढून तीन गोष्टी विचारल्या. साल झाडाच्या कुठल्या बाजूची, किती घ्यायची आणि कशात भिजवायची. पहिल्या दोन्हीची उत्तरं तिने हातवारे करून झटकन दिली. तिसऱ्याला ती थांबली. तिने एकदा योहानकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाणी."

सरांनी वहीत लिहिलं, पाणी, आणि खाली रेघ ओढली.

पुढची दोन वर्षं त्या रेघेखाली गेली. सर साल वाटायचे, पाण्यात भिजवायचे, गाळायचे, त्या पाण्याच्या चकत्या करायचे. नुसती साल, नुसती गोळी, दोन्हींची जोडी. रोज साडेदहाला तोच प्रश्न आणि तेच उत्तर. कधी पाणी गरम केलं, कधी थंड, कधी उन्हात ठेवलं, कधी मडक्यात. मी एकदा सुचवून पाहिलं की आम्ही बॉटनीत सालीचा अर्क स्पिरिटमध्ये काढतो, पाण्यात न उतरणारं पुष्कळ त्यात उतरतं. सर चिडले. असे ते क्वचित चिडायचे. "तिने पाणी सांगितलं ना? आपण कोण? आधी म्हातारी करते तसं करू. शहाणपण नंतर." आमच्या लोकांना डोंगरातल्या माणसाचं ऐकून घ्यायची सवय नाही, एक शब्द सांगितला की आपण त्यात चार घालतो, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. त्यामुळे मला पुढे बोलता आलं नाही.

स्टाफरूममध्ये लोक हसायला लागले. प्रयोगाला कुणीतरी "सरांचा काढा" असं नाव ठेवलं. सरांनी ते मनावर घेतलं नाही, की घेतलं आणि दाखवलं नाही, ते कळलं नाही.

त्यातच सुमनवहिनींचा पाय दुखावला. वहिनी म्हणजे सरांच्या पत्नी. साखर पंधरा वर्षांची जुनी. भाच्याच्या लग्नात नवी चप्पल चावली, डाव्या अंगठ्याला फोड आला, आणि पायाला संवेदना कमी असल्यामुळे तो फुटून चिघळेपर्यंत त्यांना कळलंच नाही. दवाखाना झाला, ड्रेसिंग झाली, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. एकही दिवस चुकला नाही. सरांच्या घरात तो चुकणारच नव्हता. आयुष्यभर ज्या घराने गोळ्यांचा हिशोब पाळला, त्याच घरात हे शहाणे जंतू आले. कुणाच्या अर्धवट गोळ्यांनी ते शहाणे झाले होते कोण जाणे.

सरांनी वहिनींच्या जखमेचा स्वॅब स्वतःच्या लॅबमध्येही लावला. नळीवर नाव घातलं नाही, फक्त सत्तेचाळीस हा नंबर. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी बोलत नसे. त्या प्लेटमध्ये अकरा चकत्या होत्या. मी त्यांच्या मागे उभी राहून पाहिल्या. प्लेट कडेपासून कडेपर्यंत भरून आली होती, मधे नखाएवढीही जागा उरली नव्हती. सरांनी खिशातली पट्टी काढली आणि मोजायला काहीच नाही हे लक्षात आल्यावर परत खिशात ठेवली.

पाय काळा पडू लागला तेव्हा वहिनींना दवाखान्यात भरती केलं. त्याच आठवड्यात सर मला म्हणाले की प्रयोग बंद करतो. दोन वर्षं त्या म्हातारीची साल आणली, निदान चालत नाही एवढं तिला सांगून तरी येऊ. तिला वाटायला नको की मास्तर साल घेऊन पळाले. दवाखान्यात वहिनींजवळ मुलगी होती. मी सोबत गेले.

त्या दिवशी योहान घरी नव्हता, नवापूरला कुणाच्या लग्नाला गेला होता. जेमाबाई ओट्यावर एकटीच बसली होती. सरांनी हात जोडून सांगितलं, आजी, आम्ही तुमच्यासारखं केलं, पण नाही जमलं. म्हातारी दुखावली. कशात भिजवलं, असं तिने विचारलं. सर म्हणाले, पाण्यात, तुम्ही सांगितलं तसंच. ती गुडघ्यांवर हात देत उठली आणि आतून एक बाटली घेऊन आली. बाटलीच्या तोंडाला कापडाची गुंडाळी होती. ती काढली तसा ओट्यावर मोहाच्या दारूचा वास पसरला. तळाशी सालीचे तुकडे होते आणि वरचं पाणी चहासारखं लाल झालं होतं.

"पोरगा बसला होता ना समोर," जेमाबाई म्हणाली. "पाणी सांगितलं. मोहाचं पाणी."

दारू म्हटलं असतं तर पोरगा चार दिवस माझ्या हातचं जेवला नसता, असंही तिने सांगितलं. शिवाय समोर माळवाला मास्तर बसलेला. त्याच्यासमोर तो शब्द कसा काढायचा? मास्तर शिकलेला आहे, त्याला समजेल, असं तिला वाटलं होतं. ओट्यावर जागा असूनही सर खाली अंगणात मातीवरच बसले.  मग म्हणाले, "मी शब्द लिहून घेतला, ताई. बाईकडे पाहिलंच नाही."

मी पाहिलं होतं. तिची ती नजर योहानकडे गेलेली मी पाहिली होती, आणि घरची विद्या सांगायला मुलाची परवानगी विचारते आहे असं समजून सोडून दिली होती. हे मी सरांना तेव्हा सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

परतीच्या प्रवासात विसरवाडीच्या अलीकडे एक खड्डा आला आणि सरांच्या पिशवीतल्या बाटलीची गुंडाळी निघाली. भरदुपारची बस, खिडक्या अर्ध्या लावलेल्या. दोन मिनिटांत सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. कंडक्टर सरांचा जुना विद्यार्थी निघाला. तो जवळ आला, माळेकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, तुमी बी?" मला वाटलं, आता जंतूंच्या तीन पिढ्या सुरू होणार. सरांनी नुसती मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी समजावून सांगायची संधी सोडली. नंदुरबार येईपर्यंत ते दोन्ही हातांनी बाटलीचं तोंड दाबून बसले होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी सत्तेचाळीस नंबरची प्लेट लावली. नुसता मोह वाळवलेली एक चकती, नुसत्या सालीची एक, नुसत्या गोळीची एक आणि साल-गोळी जोडीची एक. सकाळी साडेदहाला ते दवाखान्यातून सरळ लॅबमध्ये आले, इन्क्युबेटर उघडला आणि काही न विचारता प्लेट खिडकीकडे धरली. मोहाभोवती काही नव्हतं. सालीभोवती काही नव्हतं. गोळीभोवती काही नव्हतं. जोडीभोवती खळं होतं.

पूर्ण गोल, कडा जरा धूसर. सरांनी पट्टी लावून तीनदा मोजलं. मग दोन दिवसांत आणखी तीन प्लेटी लावल्या. तिन्हींत तेच. मला आनंदाने रडू येत होतं आणि सरांच्या तोंडाकडे बघून ते बाहेर येत नव्हतं. कारण शेवटची प्लेट पाहिली त्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाय गुडघ्याखाली काढावा लागेल.

वहिनींना मुलीकडून कळलं. मी भेटायला गेले तेव्हा सर कॉटशेजारी बसले होते आणि वहिनी त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

"खळं पडनं म्हने," त्या म्हणाल्या. "ते औषद माले देतस का नही?"

सर म्हणाले, प्लेटमध्ये साखर नसते, रक्त नसतं, किडनी नसते. तुझ्या किडन्या आधीच थकल्या आहेत, त्यात ही साल काय करील मला माहीत नाही. वहिनी म्हणाल्या, ती म्हातारी तर सगळ्यांना देते.

"तिले ठाऊक शे ती काय करी ऱ्हायनी," सर म्हणाले. "माले अजून नही."

वहिनींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बाहेर आल्यावर मी सरांना म्हटलं, मग जेमाबाईलाच बोलवू, ती देईल. त्यांचा हाही प्रश्न डॉक्टरांना विचारून झाला होता. सगळ्या प्लेटी घेऊन ते डॉक्टरांसमोर बसले होते. तो तरुण डॉक्टर भला माणूस. त्याने सगळं नीट ऐकलं, प्लेटी पाहिल्या आणि सांगितलं की हाड सडलं आहे, तिथे रक्तच जात नाही, म्हणजे गोळी जाणार नाही आणि सालही नाही. दोन दिवस थांबलो तर पायाचा प्रश्न राहणार नाही, जिवाचा होईल. सरांनी सही केली. ते बरोबर होतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण वहिनींनी भिंतीकडे फिरवलेलं तोंड आठवलं की माझं सगळं बरोबर जागच्या जागी थिजतं.

पाय गेल्यावर महिनाभर त्या सरांशी कामापुरतंच बोलत होत्या. मग एके दिवशी जेवण वाढताना त्यांनी विचारलं की दोन वर्षं आधी खळं पडलं असतं तर पाय वाचला असता का? सर म्हणाले, माहीत नाही. वहिनींनीच हे मला नंतर सांगितलं. म्हणाल्या, नाही म्हणाले असते तर मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असं वाटलं असतं, हो म्हणाले असते तर त्यांना जगता आलं नसतं. माहीत नाही म्हणाले, तेव्हा मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. 

सरांनी सगळे निकाल लिहून एका मासिकाला पाठवले. लेखकांत पहिलं नाव जेमाबाईचं घातलं. मासिकाने तिचं शिक्षण विचारलं. सरांनी लिहिलं, जाणकार. लेख दुरुस्त्यांसाठी दोनदा परत आला. मोठ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेला त्यांनी साल पाठवली, तिकडून उत्तर आलं की सालीतला नेमका कोणता घटक हे काम करतो ते आधी वेगळं करावं लागेल, मग उंदीर, मग माणसं, कळवू. कळवतील कधीतरी. दरम्यान सर निवृत्त झाले, नियमाप्रमाणे सगळे जंतू वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये घालून मारले आणि त्यात सत्तेचाळीस नंबरही घातला. त्यांची जागा अजून भरलेली नाही. लॅबची किल्ली माझ्याकडे आहे.

मागच्या हिवाळ्यात सकाळीच त्यांचा फोन आला. आवाज असा की मी आधी विचारलं, कोण बोलतंय. वहिनींच्या उजव्या टाचेला फोड आला होता. राहिलेल्या पायाला.

दवाखान्याचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांत येणारच होता. पण सरांना थांबवेना. रिक्षाने दोघं कॉलेजात आले. वहिनी रिक्षातच बसून राहिल्या आणि सर नळीतला स्वॅब शर्टाच्या खिशात धरून वर आले. कोपरापर्यंत हात धुतले. प्लेटवर जंतू पसरताना रेघा वाकड्या येत होत्या. मधल्या दोन वर्षांत त्यांची मान आणखी पुढे आली होती. साध्या गोळ्यांच्या चकत्या ठेवल्या आणि माझ्या फ्रिजमध्ये जपून ठेवलेल्या अर्काची जोडीची चकतीही ठेवली. हात पुसत म्हणाले, आता जोडीलाच पडलं तर मी काय करू? या वेळी किडन्या तेव्हापेक्षा वाईट आहेत. मी प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ते आले. वहिनी पुन्हा खाली रिक्षात. मी दार उघडलं, पण सर आत आलेच नाहीत. व्हरांड्यात पाठ करून उभे राहिले.

"तुम्ही दखा, ताई," म्हणाले.

मी इन्क्युबेटर उघडला आणि प्लेट खिडकीकडे धरली. मला आधी नीट समजलंच नाही, कारण त्या लॅबमध्ये तसं दृश्य मी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. अगदी साध्या, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणाऱ्या गोळीच्या चकतीभोवती हे एवढं मोठं, काठोकाठ स्वच्छ खळं पडलं होतं. शेजारच्या चकतीलाही. त्याच्या शेजारच्या चकतीलाही. हे जंतू अडाणी होते. यांनी आयुष्यात कधी गोळी पाहिली नव्हती.

"सर," मी म्हटलं, "खळं पडनं."

ते वळले नाहीत. जोडीला ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, नुसत्या गोळीला. साध्या गोळीला. सालीची गरजच नाही.

मग ते आत आले, स्टुलावर बसले आणि खिशातली पट्टी काढून माझ्या हातात दिली. मी मोजलं आणि आकडा सांगितला. त्यांनी तो पुन्हा सांगायला लावला. प्लेटकडे मात्र शेवटपर्यंत पाहिलं नाही. ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं घातली ती आज लागली नाही, याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आकडा कागदावर लिहून, डॉक्टरांना दाखवतो म्हणून ते जिन्याने खाली गेले.

मी खिडकीशी उभी राहिले. खाली रिक्षात वहिनी कुबडी मांडीवर आडवी धरून बसल्या होत्या. सर शेजारी बसले आणि काहीतरी सांगू लागले. ऐकू येत नव्हतं, पण मला ऐकायची गरज नव्हती. त्यांनी एका हाताची पाच आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं वर केली. सात दिवस. वहिनींनी मान डोलावली. सरांनी पुन्हा सात बोटं वर केली. वहिनींनी पुन्हा मान डोलावली. तिसऱ्यांदा बोटं वर आली तेव्हा वहिनींनी त्यांचे दोन्ही हात धरून खाली आपल्या मांडीवर ठेवले, आणि रिक्षा फाटकातून बाहेर पडेपर्यंत सोडले नाहीत.